वजनकाट्याची वीस वर्षं

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूला हेच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या नवजात बाळांतही दिसलं होतं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं सरासरी साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची होती. कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, या आपल्याकडच्या नेहमीच्या ठेवणीची मुळं जन्मापासूनची आहेत, हे तेव्हा कळलं.

गेल्या वीस वर्षांत चरबीबद्दल आपल्याकडे जे सांगितलं गेलं, त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. आणि नेमकं तेच घराघरांत पोचलं नाही. घरात पोचला तो वजनकाटा.

पुढची काही वर्षं ‘साइज झिरो’ची, म्हणजे अगदी सडपातळ दिसण्याच्या वेडाची होती. त्या लाटेत २००९ साली ऋजुता दिवेकर यांचं पुस्तक आलं. उठल्या उठल्या चहा नको, आधी काहीतरी खा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप-भात-केळ्याला घाबरू नका, हे त्यांचं सांगणं. वरणभातावर तूप घेताना अपराधी वाटणाऱ्या कितीतरी बायकांना त्याने धीर आला, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग दुसरं टोक आलं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार २००४ साली अपघातात गेले, पण त्यांचं आहारावरचं व्याख्यान मागे राहिलं. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्यात सांगितलेलं आधी स्वतःवर करून पाहिलं आणि मग गावोगाव सांगितलं. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. फी नाही, पावडर नाही. २०१८च्या सुमारास तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा ‘तुमचं दीक्षित की दिवेकर?’ हा प्रश्न असायचा.

दोन वेळा जेवून पुष्कळांचं वजन उतरलं. त्याचं मुख्य कारण मला साधं वाटतं. दोन जेवणांच्या मधला साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण, ऑफिसातला वाढदिवसाचा केक, हे सगळं एकदम बंद झालं. २०२२ साली चीनमधल्या एका वर्षभराच्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच कमी उष्मांकांचा आहार दिला आणि त्यातल्या एकाला रोज आठच तासांत खायला सांगितलं. दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात लक्षणीय फरक निघाला नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा कमी करणं धोक्याचं आहे. साखर एकदम खाली जाऊ शकते.

या सगळ्या वादात ताट जवळपास तसंच राहिलं. एखाद्या मध्यमवर्गीय घरातलं रात्रीचं जेवण बघा. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात आणि त्यावर पातळ वरण. वाटीभर वरणात डाळ असते जेमतेम मूठभर, म्हणजे प्रथिनं चार-पाच ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५८ ग्रॅम लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही हेच दुखणं मांडलंय. आपल्याला ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून मिळते, ती ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. डाळी, अंडी, मांस-मासे यांतून मिळते फक्त ६ ते ९ टक्के, ती १४-१५ पर्यंत जावी. त्यासाठी परदेशी काही आणावं लागत नाही. दोन पोळ्यांऐवजी एक भाकरी, वाटीभर घट्ट मटकीची उसळ नाहीतर पिठलं, दही, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, आणि खात असाल तर अंडं. तेलाची फोडणी मोजून. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुरे. हजार उष्मांकांच्या खाली जाणारा आहार घेऊच नये, असंही ती तत्त्वं बजावतात.

व्यायामाचंही तेच झालं. चालणं सगळ्यांनी उचललं, आणि ते चांगलंच झालं. पुण्यात तळजाई टेकडीवर पहाटे जी गर्दी दिसते, ती या वर्षांची कमाई आहे. पण ज्यांचे स्नायू मुळातच कमी, त्यांना चालणं अपुरं पडतं. जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगते. आपल्या तालमीत जोर-बैठका होत्याच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी तर संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. चाळिशीपुढच्या बाईला बैठका मारायला सांगणारं घरात कोणी नसतं, ही मला या वीस वर्षांतली सर्वांत मोठी उणीव वाटते. गुडघे बरे असतील तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्यापासून सुरुवात होते.

२०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. त्यांनी भूक मरते आणि वजन झपाट्याने उतरतं, पण उतरलेल्या वजनात स्नायूही असतात. ज्याच्याकडे ते आधीच थोडे आहेत, त्याने इंजेक्शन घेतानाही उसळ आणि बैठका सोडून चालणार नाही. वजनकाट्याला न दिसणारी पोटाची चरबी साध्या टेपने कळते. आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या कार्यकर्त्या, तिशीपुढच्या माणसांचे आरोग्याचे फॉर्म भरायला दारी येतात, त्यात कंबरेच्या मापाचा रकाना आहे. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. घरोघरी त्या टेप लावतात तेव्हा बहुतेकजण लाजून पोट आत ओढून घेतात. तसं करू नका, खरं माप लिहू द्या.