झेनर डायोड: उलटा जोडायचा, म्हणूनच कामाचा

साधा डायोड उलटा जोडला की प्रवाह अडवतो. झेनर मात्र मुद्दाम उलटाच जोडतात. ठरावीक व्होल्टेजला तो वाहू लागतो आणि मग प्रवाह कमीजास्त झाला तरी त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं.

१२ व्होल्टचा पुरवठा, ३३० ओहमचा रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर घ्या. झेनरचं पट्टा असलेलं टोक धन बाजूला. उरलेले ६.९ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे प्रवाह सुमारे २१ मिलिअँपिअर. समांतर जोडलेल्या उपकरणाने त्यातले १० घेतले, तर झेनर ११ घेतो. उपकरण बंद केलं, तर सगळे २१ झेनरमधून जातात. पुरवठा १४ व्होल्टवर चढला तरी जादा ताण रेझिस्टरच सोसतो. तो लावायला विसरलात, तर झेनर जळालाच म्हणून समजा. आणि उपकरणाने २१ हून जास्त मागितले, की व्होल्टेज घसरू लागतं. मोठ्या भारासाठी ही रचना वापरूच नये. उपकरण बंद असतानाही वीज उष्णतेत जाते.

झेनर उलटा वाहू लागतो तो दोन परिणामांमुळे: साधारण ५ व्होल्टखाली क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ साली मांडलेला परिणाम प्रबळ असतो, वरच्या व्होल्टेजना अ‍ॅव्हलांश नावाचा परिणाम. तापमान वाढलं की पहिल्यात व्होल्टेज घटतं, दुसऱ्यात वाढतं. म्हणूनच ५.६ व्होल्टच्या आसपासचे झेनर उन्हाळ्यातही फारसे हलत नाहीत.