तुपाची वाटी आणि पाळलेले कुत्रे

नामदेवमहाराजांची कुत्र्याची गोष्ट आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळविली, आणि ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. प्राणिमात्रांत पांडुरंग पाहणाऱ्या त्या दृष्टीला आपण नमस्कार करावा, हे योग्यच आहे. परंतु ह्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे आणि आजचा माझा विषय त्या तपशिलात दडलेला आहे. ते कुत्रे पळत होते. पोळी त्याला धावून मिळवावी लागली होती आणि तूप मिळाले ते आयुष्यातून एकदा. आज आपल्या ओसरीवर साखळीने बांधलेल्या कुत्र्याला तूप रोज मिळते, पोळी तोंडापाशी येते आणि धावण्याचे मात्र कारणच उरलेले नाही.

उंद्री हे आपले चिखली-खामगाव रस्त्यावरचे शेतकऱ्यांचे गाव. येथल्या जुन्या माणसांना विचारा, कुत्रे कशासाठी पाळीत? उत्तर एकच येईल, राखणीसाठी. रात्री जागलीला निघालेल्या माणसाबरोबर ते शेतात जाई, रोही आणि रानडुकरे हुसकावी, दिवसा बैलगाडीखालून गाडीच्या चालीने चाले. खायला काय, तर उरलेली भाकर, ताकाचे पाणी आणि त्याचे त्याने मिळविलेले एखादे उंदीरघूस. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी स्थिती असे, ती काही आदर्श नव्हे. पुष्कळ कुत्री उपाशीच असत. पण लठ्ठ कुत्रे ही वस्तू मात्र गावाने पाहिलेली नव्हती. आता घर पक्के झाले, फाटकाला कडी आली, आणि मुलाच्या हट्टाखातर शहरातून लॅब्रेडॉरचे नाही तर पांढऱ्या पॉमेरेनियनचे पिल्लू आले. ते राखण करीत नाही. ते घरातले एक मूल आहे. आणि मुलाचे कौतुक करण्याची आपली रीत कोणती? खाऊ घालणे!

येथे कोणी म्हणेल, की ज्या मुलखात सोयाबीनचा भाव पडला की घरात चूल पेटण्याची चिंता, तेथे कुत्र्याच्या लठ्ठपणावर व्याख्यान कसले देता? आक्षेप रास्त आहे. परंतु हे व्याख्यान अधिक खर्च करा असे सांगणारे नाही, कमी करा असे सांगणारे आहे. शिवाय एकदा जीव दाराशी बांधला की त्याच्या पोटाचा सर्व कारभार आपल्या हाती येतो. त्याला स्वतः काही ठरविता येत नाही. आठ वर्षांचे लॅब्रेडॉर गुडघ्यांच्या दुखण्याने उठू शकत नाही आणि मुलगा शाळेतून आल्यावर केवळ शेपटी हलविते, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा विषय चैनीचा वाटणार नाही.

लठ्ठ कशाला म्हणावयाचे? येथेच आपली नजर दगा देते. आपल्याकडे अंगाने भरलेले ते चांगले, ही समजूत माणसांपासून बैलांपर्यंत सर्वत्र आहे, आणि पाठीवर खळगा पडलेले कुत्रे ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून गौरविले जाते. पशुवैद्य नजरेपेक्षा हातावर भरवसा ठेवतात. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंवरून तळवा हलकेच फिरवा. आता स्वतःचा हात पालथा धरून बोटांच्या मुळापाशी चाचपा: कातडीखाली हाडे बोटाला लागतात, पण वर येत नाहीत. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या म्हणजे अंग बरोबर आहे. मूठ वळल्यावर बोटांची पेरे जशी टोचतात तशा टोचल्या तर ते रोड. आणि हात उताणा करून तळव्याच्या मांसल भागाखालचे हाड शोधावे लागते तसे बरगड्यांना शोधावे लागले, तर मेद वाढला. मग वरून पाहावे, बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसते का. बाजूने पाहावे, पोट मागे चढत गेलेले आहे का. पॉमेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्याच्या बाबतीत पाहण्यात अर्थ नाही, चाचपलेच पाहिजे. आपल्या दख्खनचा कारवान कुत्रा किंवा त्याचाच भाऊबंद मुधोळ ज्यांनी पाहिला असेल त्यांना कंबर म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. ती शिकारी जात अतिसडपातळ, तिचे माप सर्वांना लावता येत नाही. परंतु कुत्र्याला कंबर असते एवढे तरी तिच्याकडून शिकावे.

थोडासा मेद वाढला तर बिघडले काय, ह्या प्रश्नाला फार चांगले उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेत लॅब्रेडॉरची ४८ पिल्ले घेऊन एक प्रयोग झाला आणि त्याचा आयुर्मानासंबंधीचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढे अन्न दिले जाई त्याच्या तीनचतुर्थांशच दुसऱ्याला, आणि हे एकदोन महिने नव्हे, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे ११.२. जवळजवळ दोन वर्षांचे अंतर! शिवाय सांध्यांची दुखणी पहिल्या गटात पुष्कळ उशिरा सुरू झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की अधिक खाणारी कुत्री काही राक्षसी लठ्ठ नव्हती. रस्त्यात दिसली असती तर आपण त्यांना छान गुबगुबीत म्हटले असते. आणि हा प्रयोग कोणी केला? कुत्र्याचे खाद्य विकणाऱ्या कंपनीने. दुकानदाराने स्वतःच कमी घ्या म्हणून सांगितले तर त्याचे ऐकावे.

सांध्यांखेरीज आणखीही पुष्कळ त्रास आहेत. गुडघ्यातला बंध तुटणे, स्वादुपिंडाचा दाह, पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांत श्वासनलिका चेपून येणारा खोकला, शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीचा वाढलेला धोका. आपल्या भागात सर्वांत जवळचा शत्रू म्हणजे ऊन, त्याकडे मी शेवटी येतो.

आता हा मेद येतो कोठून? ह्याचे उत्तर आकड्यांत आहे, आणि आकडे मांडल्याशिवाय आपली खात्री पटणार नाही. कुत्रे नुसते पडून राहिले तरी त्याला किती उष्मांक लागतात हे काढण्याची एक रीत आहे. किलोमधल्या वजनाचा घन करावा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. मोबाइलवरच्या साध्या गणकयंत्रावर एका मिनिटाचे काम आहे. ३० किलोच्या लॅब्रेडॉरचे उत्तर ९०० च्या आसपास येते, ६ किलोच्या पॉमेरेनियनचे २७०. हिंडण्याफिरण्याचे धरून घरातल्या मोठ्या कुत्र्याला साधारण ह्याच्या दीडपट पुरते. म्हणजे पॉमेरेनियनला दिवसाचे ४००. आता एका ग्लुकोज बिस्किटात २० ते २५ उष्मांक असतात. सकाळच्या चहाबरोबर आजोबांची दोन, शाळेत जाताना मुलाची दोन, दुपारी शेजारीणबाईंची दोन आणि संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांची दोन, अशी आठ बिस्किटे झाली. प्रत्येकाने दोनच दिली! त्या चिमुकल्या जीवाच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा भाग जेवणाआधीच भरला. आपल्यापैकी एखाद्याने दोन वेळचे जेवून वर तीनचार भाकरी चहात बुडवून खाव्या, तसा हा प्रकार आहे.

तुपाचा हिशेब असाच आहे. चहाच्या दोन चमच्यांत सुमारे ९० उष्मांक. गरज भागल्यावर वर इतकेच रोज गेले, तर कागदावर वर्षाला चार किलो मेद होतो. अंग वाढले की गरजही थोडी वाढते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी भरेल. पण दिशा तीच.

भाकर वाईट आहे का, असे विचारले जाते. नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिठूळ पदार्थ पचविणाऱ्या रसाचे जनुक लांडग्यात दोनच प्रतींत असते, कुत्र्यात मात्र त्याच्या पुष्कळ अधिक प्रती असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहिल्याची ती खूण आहे. भाकर त्याला पचते. पण ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत अडीचशेच्या आसपास उष्मांक आहेत, हे विसरून चालत नाही, आणि निव्वळ भाकरीवर त्याचे स्नायू पोसत नाहीत. अंडे, मांस असे काही जोडीला हवे. कांदा-लसूण घातलेली भाजी, बेदाणे-द्राक्षे आणि चॉकलेट ह्यांच्या वाटेला मात्र त्याला जाऊ देऊ नये. ती लठ्ठपणाची नव्हे, विषाची बाब आहे.

“पण ते मागते हो!” ही प्रत्येक घरातली तक्रार. मागते, खरे आहे. पण मागणे म्हणजे भूक नव्हे. लॅब्रेडॉरच्या बाबतीत तर ह्याचा छडा लागला आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असे आढळले, की ह्या जातीच्या सुमारे चौथाई कुत्र्यांत पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचविणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पुढे २०२४ मध्ये त्यांनीच दाखविले, की अशी कुत्री दोन जेवणांच्या मधल्या वेळात अधिक भुकेजतात आणि वर विश्रांतीत उष्मांकही सुमारे चौथाईने कमी खर्चितात. बिचाऱ्याची दोन्हीकडून कोंडी. मुळात ही कामाची जात. मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्रेडॉरच होता. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी त्याने नाकाने दारूगोळा शोधून काढला. खाण्याची अशी ओढ असलेले कुत्रे शिकविण्यास सोपे जाते, म्हणून तो दोष कामकरी कुत्र्यांत टिकूनही राहिला असावा. त्याच ओढीला आपण ओसरीवर बांधले आणि समोर बिस्किटांचा पुडा फोडला. तेव्हा त्या डोळ्यांकडे पाहून वाढू नये, मापाकडे पाहून वाढावे.

निर्बीजीकरणानंतर कुत्र्याची गरज बरीच कमी होते आणि खाण्याची इच्छा उलट वाढते. म्हणून शस्त्रक्रिया करू नये असे नाही. ती अवश्य करावी, आणि टाके निघतील त्या आठवड्यापासूनच वाटी लहान करावी. वजन वाढल्यावर उतरविण्यापेक्षा हे फार सोपे.

माझ्या मते सर्व उपायांत पहिला उपाय घरातल्या माणसांचा आहे. कुत्र्याला वाढणारा हात एकच असावा आणि वाटी एकच, ठरलेली. दिवसाचे अन्न सकाळीच मोजून एका डब्यात काढून ठेवावे. ज्याला कौतुक करावयाचे असेल त्याने त्या डब्यातूनच घास काढावा. डबा रिकामा झाला की दिवस संपला. आजोबांचे मन मोडत नाही आणि हिशेबही चुकत नाही. वरखाऊ दहाव्या हिश्श्यापलीकडे नसावा, म्हणजे पॉमेरेनियनला दीडदोन बिस्किटे. त्यापेक्षा काकडीचे किंवा गाजराचे तुकडे बरे. आपल्याकडे जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास काढून ठेवण्याची रीत होती. घास म्हणत, ताट म्हणत नसत.

दुसरे, वजन करावे. काटा कोठून आणावा असे म्हणू नका. सोयाबीनची पोती मोजणारा अडत्याचा काटा गावात आहे, तो कुत्र्यालाही नाही म्हणणार नाही. लहान कुत्रे असेल तर त्याला कडेवर घेऊन स्वतःचे वजन करावे आणि मग आपले वजा करावे. महिन्यातून एकदा दिनदर्शिकेच्या चौकोनात आकडा लिहिला म्हणजे पुरे. कुत्रे आधीच लठ्ठ असेल, तर उपास घडवू नये. आठवड्याला वजनाच्या शंभरात एक ते दोन भाग उतरले पाहिजेत, अधिक नाही. ३६ किलोच्या लॅब्रेडॉरला हे साडेतीनशे ते सातशे ग्रॅम होतात. मापून खाऊ घालूनही काटा हलत नसेल, केस गळत असतील, पाणी फार पीत असेल, तर मग थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींचा विकार असू शकतो. तेथे आपली वाटी चालणार नाही, पशुवैद्याकडेच जावे. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्थाही आहे.

राहिले ते हिंडणे आणि ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा निवाऱ्याचा मार्ग. मेदाच्या थराने उष्णता आतच कोंडते आणि धापही पुरी पडत नाही. म्हणून लठ्ठ कुत्र्याचे वजन उतरवावे ह्या चांगल्या हेतूने वैशाखात सकाळी दहा वाजता त्याला सडकेने पळवीत नेणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. ह्या दिवसांत सूर्य उगवण्यापूर्वी निघावे आणि ऊन चढण्याच्या आत परतावे. संध्याकाळी निघण्यापूर्वी डांबरावर आपला पालथा हात ठेवून मनात दहा आकडे मोजावेत. हात ठेववला नाही तर त्याचे पायही ठेववणार नाहीत, मग शेताच्या बांधाने जावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग पंधरा. धापा थांबेनाशा झाल्या, लाळ दाट झाली किंवा पाय लटपटले, तर तेथेच सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतावे आणि वारा घालावा, आणि लगेच दवाखान्याकडे निघावे.