मंद हेडलाइट आणि मल्टीमीटर

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा डावा हेडलाइट मंद झाला. मेकॅनिक म्हणाला, कंट्रोल मॉड्यूल गेलं, बाहेरून मागवावं लागेल. मी आधी मल्टीमीटर काढला. मोजायचं ते दिवा चालू ठेवूनच. करंट वाहत नसेल तर खराब जोडही ठणठणीत वाटतो. बॅटरीवर 12.5 व्होल्ट, बल्बवर जेमतेम 10.5! हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. इथं तर सोळा टक्के घटलं होतं. रात्री घाटात हे जिवावरचं. मग बल्बची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजलं: 1.8. चोर सापडला. बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. बॅटरी सोडवून पत्रा पॉलिश पेपरनं लख्ख घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. उरलेले 0.2 व्होल्ट स्विच-फ्यूजच्या जोडांतले; तेवढं चालतं.