खेळ गुण कशाचे देतो?

मे महिन्यात खानदेशात जोहरनंतर घराबाहेर पडणे कठीण असते. जळगाव असो की धुळे, पारा ४४-४५ अंशांवर जातो, गल्ल्या सामसूम होतात आणि सुट्टी लागलेली मुले घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतात. मोठ्या भावाचा लॅपटॉप असेल तर दोघे-तिघे त्याभोवती गोळा होतात. "मागे बघ, मागे बघ! स्नायपर आहे!" असा आरडाओरडा ऐकून अम्मी स्वयंपाकघरातून विचारते, "काय चाललंय रे?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, गेम."

पालकसभेत आम्हा शिक्षकांकडे हीच तक्रार येते. मुलगा दिवसभर गेम खेळतो, काहीतरी करा. कोणता गेम खेळतो, त्यात काय करावे लागते, जिंकतो कसा, असे आम्ही विचारले की बहुतेक अम्मी-अब्बू एकमेकांकडे पाहतात. मूल ज्या जगात रोज दोन-तीन तास काढते, त्या जगाचे नियमच आपल्याला ठाऊक नसतात. म्हणून या लेखात रागवण्याच्या आधीची पायरी घेऊ आणि तो गेम उघडून पाहू.

बंदीच्या यादीत नसलेले खेळ

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर बंद झाला. अनेक घरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण लढाईच्या खेळांचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याला ॲप लागतच नाही. ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, नाव लिहायचे आणि खेळायला लागायचे. मोबाईलवर त्याचे चिन्ह दिसत नाही, जागा भरत नाही. शाळेच्या संगणक कक्षात, सायबर कॅफेत, चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर, कुठेही तो चालतो.

मुले यांना 'आयओ गेम' म्हणतात. यांतल्या बऱ्याच खेळांच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट आयओ' असते. ही अक्षरे मुळात हिंदी महासागरातल्या ब्रिटिश ताब्यातील बेटांसाठी ठरलेली. २०१५ मध्ये ब्राझीलच्या मॅथ्यूस व्हालाडारेस या तरुणाने 'अगार डॉट आयओ' बनवला आणि या नावाची लाट आली. त्या खेळात बंदूक नव्हती. एक गोल ठिपका लहान ठिपक्यांना गिळत मोठा होतो आणि मोठ्यापासून पळतो, एवढेच. पुढे याच वाटेने बंदुका आल्या. २०१७ मध्ये 'शेल शॉकर्स' आला. त्यात सगळे खेळाडू अंडी असतात आणि अंडीच अंड्यांवर गोळ्या झाडतात. २०१८ मध्ये 'क्रंकर' आला. चौकोनी ठोकळ्यांच्या गावात वेगाने धावत नेम साधायचा, असा तो खेळ.

शस्त्रांचा हिशेब

आपल्याला वाटते, मूल नुसते बटण दाबत बसले आहे. तसे नसते. क्रंकरमध्ये खेळ सुरू होण्याआधी प्रकार निवडावा लागतो. 'ट्रिगरमॅन'कडे साधी रायफल असते आणि त्याची ताकद, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, १०० असते. 'हंटर'कडे दुरून एका गोळीत काम संपवणारी स्नायपर बंदूक असते, पण ताकद फक्त ६०. 'स्प्रे अँड प्रे'कडे ताकद १७०, हातात मशीनगन, पण चाल जड. म्हणजे एका बाजूने काही मिळाले की दुसऱ्या बाजूने द्यावे लागते. शॉटगन जवळून घातक, दुरून निकामी. रॉकेट मोठा मार करते, पण पुन्हा भरेपर्यंत खेळाडू उघडा पडतो. शेल शॉकर्समध्येही असे सात प्रकार आहेत आणि ते सगळे पहिल्या दिवसापासून फुकट मिळतात.

यात गणितही आहे. समजा समोरच्याची ताकद १०० आहे. एका बंदुकीची गोळी २५ ने ताकद कमी करते, दुसरीची ३० ने. कोणती चांगली? मोठे माणूस लगेच दुसरी म्हणेल. सरावलेले मूल म्हणेल, दोन्ही सारख्याच. कारण ३० च्या तीन गोळ्यांनी ९० होतात आणि चौथी झाडावीच लागते. मग ज्या बंदुकीच्या गोळ्या भरभर सुटतात, ती घ्यायची. वर्गात भागाकाराला कंटाळणारे मूल हा हिशेब तोंडी करते. त्यामुळे खेळाला सरसकट मूर्खपणा म्हणणे आम्हाला पटत नाही. मुलाची अक्कल तिथे कामाला लागलेली असते. फक्त ती कशासाठी लागली आहे, हे बघावे लागते, आणि ते गुणांच्या पद्धतीवरून कळते.

गुण कशाचे?

कुठलाही खेळ मुलाला काय शिकवतो हे ओळखायचे असेल तर तो गुण कशाचे देतो ते पाहावे. कॅरमचेच उदाहरण घ्या. जळगावात, भुसावळात, धुळ्यात असा मोहल्ला नसेल जिथे एखाद्या ओट्यावर कॅरम मांडलेला नाही. तिथे राणीचे तीन गुण. पण राणी नुसती घेऊन चालत नाही, मागोमाग आपली एक सोंगटी घालून ती 'कव्हर' करावी लागते, नाहीतर परत ठेवावी लागते. घाई करणाऱ्याला कॅरम असा आवरतो. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. गडी मारला की एक गुण, आणि समोरचा पूर्ण संघ बाद केला तर लोणाचे दोन जादा गुण. आपला गडी बाद झाला तरी संघाने गुण मिळवला की तो पुन्हा आत येतो. स्वतः मिळवलेले गुण बाद झाल्यावरही संघाकडेच राहतात.

आता स्क्रीनवर पाहू. क्रंकरमधला नेहमीचा सामना चार मिनिटांचा असतो. एकाला मारले की १०० गुण. डोक्यात गोळी मारली तर वर आणखी बक्षीस. मेले तर क्षणात पुन्हा जिवंत होऊन धावायचे. चार मिनिटे संपली की नावांची यादी झळकते आणि श्वास घ्यायच्या आत पुढचा सामना लागतो. शेल शॉकर्समध्ये जो तो स्वतःसाठी खेळतो तेव्हा यादीत तुमचे स्थान ठरते ते न मरता सलग किती जणांना मारले यावर. मुले त्याला 'स्ट्रीक' म्हणतात. पंधरापर्यंत गेलात आणि कोणी मागून गोळी घातली, तर गाडी पुन्हा शून्यावर.

मूल "बस, एकच मॅच" म्हणून पाऊण तास का उठत नाही, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. स्ट्रीक वाढत असताना उठले तर हातचे जाते आणि शून्यावर आल्यावर उठले तर मनाला लागते. दोन्ही वेळा उठणे नकोसे वाटते. आमच्या लहानपणी मैदानातला खेळ मगरिबच्या अजानला आपोआप संपत असे. अंधार पडे, चेंडू दिसत नसे. स्क्रीनवर अंधार पडत नाही. तिथे शेवट खेळ ठरवत नाही, तो घराने ठरवावा लागतो.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या प्रकारात जो तो स्वतःसाठी खेळतो, तिथे कोणाला वाचवल्याचा, वाट पाहिल्याचा, हार नीट सोसल्याचा एकही गुण नसतो. संघाने खेळायचे प्रकार याच खेळांत असतात आणि त्यांत मुले एकमेकांना सांभाळतानाही दिसतात. खेळायचेच असेल तर हा प्रकार निवड, एवढे सांगता येते. पण ते सांगायला दोन्ही प्रकार आपल्याला ठाऊक हवेत.

फुकट खेळातला बाजार

शस्त्रे फुकट, मग कंपनीचे पोट कशावर भरते? जाहिरातींवर आणि सजावटीवर. बंदुकीला सोनेरी रंग, डोक्यावर टोपी, वेगळा पोशाख, याला 'स्किन' म्हणतात. त्याने नेम सुधारत नाही, चारचौघांत रुबाब वाढतो, इतकेच. क्रंकरमध्ये 'केआर' नावाचे चलन आहे. ते खेळून मिळते, तसेच खरे पैसे देऊनही घेता येते. या चलनावर 'स्पिन' मारता येतो. चक्र फिरते आणि काय निघेल ते आधी कळत नाही. मोलाची वस्तू क्वचित निघते, साधी वारंवार.

पैसे आधी द्यायचे आणि हातात काय पडेल ते नशिबावर सोडायचे, ही चाल आपल्या घरांना अनोळखी नाही. ज्या घरात सट्टा-मटक्याचे नाव काढू देत नाहीत, लॉटरीचे तिकीट चालत नाही, तिथेच बारा वर्षांचा मुलगा अम्मीच्या फोनवरून चक्र फिरवतो आणि कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. मुलालाही दिसत नाही, कारण त्याला कोणी ते नाव देऊन दाखवलेले नसते. पैसे लावून जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. निव्वळ मनोरंजनाचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स त्याने वेगळे ठेवले आहेत. तेव्हा प्रत्येक चक्रावर पहारा द्यायला सरकार येणार नाही. यूपीआयचा पिन मुलाला न सांगणे हा साधा पहारा घरातच बसवता येतो.

घरातला गुणफलक

आता थोडे आपल्याकडे पाहू. खेळात मुलाने काहीही चांगले केले की त्याच क्षणी आकडा वाढतो, आवाज होतो, नाव वर चढते. घरात काय होते? नळाला पाणी आले तेव्हा त्याने सगळी भांडी भरली. दादीला दवाखान्यात नेऊन आणले. धाकट्या भावाचा सबक ऐकला. याची नोंद कोणी घेतली? बहुधा नाही. पण भांडे सांडले तर लगेच घेतली जाते. शाळेतही गुण मिळतात ते परीक्षेनंतर, वर्षातून मोजक्या वेळा, आणि तेही बहुतेकदा कोणाच्या तरी तुलनेत. दिवसभरात ज्याला फक्त चुकांचे आकडे ऐकू येतात, ते मूल १०० गुण झटपट देणाऱ्या जागी जाऊन बसले तर त्यात नवल नाही.

आणि त्याच घरात त्याची बहीण असते. भाऊ स्ट्रीक वाढवत असताना ती पीठ मळते, कपडे वाळत घालते. तिला फोनही मिळत नाही आणि शाबासकीही नाही. मुलाचा खेळ कमी करायचा विचार करताना या मुलीचा गुणफलकही घराने एकदा उघडून पाहावा.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, एकदा मुलाशेजारी बसून एक सामना खेळून पाहा. आपण दहा सेकंदांत मरू. मूल हसेल, मग शिकवायला लागेल. त्या दहा मिनिटांत ते जितके बोलते तितके महिनाभरात बोलत नाही.

दुसरी, "किती वेळ खेळलास?" याऐवजी "आज गुण कशाचे मिळाले?" असे विचारा. मूल स्वतःच सांगता सांगता विचार करू लागते.

तिसरी, वेळ मिनिटांत ठरवू नका, सामन्यांत ठरवा. राणी कव्हर करायच्या क्षणी कोणी कॅरम उचलला तर आपल्यालाही राग येईल. चार मिनिटांचे पाच सामने म्हणजे वीस मिनिटे. पाचवा संपला की उठायचे, हा करार मुलाला न्याय्य वाटतो आणि ते तो पाळते.

चौथी, अनोळखी लोकांशी चॅट बंद. यांतल्या पुष्कळ खेळांत खासगी खोली उघडून फक्त ओळखीच्यांना बोलावता येते. जळगावचा भाऊ आणि धुळ्याचा मामेभाऊ सुट्टीत असे खेळले तर बिघडले काय?

पाचवी, वेळीच ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाचे व्यसन आजारांच्या यादीत घेतले आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. थोडे जास्त खेळणे म्हणजे आजार नव्हे. खेळण्यावर ताबाच राहत नाही, झोप, जेवण, अभ्यास, नाती मागे पडतात, नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही आणि हे सहसा वर्षभर चालते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. मारहाण आणि टोमणे हे त्याचे औषध नाही.

आणि संध्याकाळी ऊन उतरले की माळ्यावरचा कॅरम खाली काढा. पावडर टाका, अब्बूंनाही बसवा, मुलीलाही बसवा. गुण मांडायचे काम त्या मुलाकडेच द्या. हिशेबात तो पक्का आहे, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे.