कचराभूमीतली वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'कचऱ्यापासून वीज' म्हटलं की बहुतेकांना भट्टी आठवते. पण कचराभूमीच्या वायूपासून वीज करताना कचरा जाळत नाहीत. थरावर थर पडत गेले की ढिगाच्या पोटातली हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू ओला कचरा, कागद, लाकूड कुजवू लागतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. भोकं पाडलेले पाइप ढिगात उभे पुरतात, ब्लोअरने वायू ओढतात, त्यातलं पाणी काढतात आणि तो इंजिनात किंवा बॉयलरमध्ये जाळतात. दक्षिण कोरियात इंचॉनच्या सुदोक्वोन कचराभूमीवर अशा वायूसाठी ५० मेगावॉटचं केंद्र उभारलं गेलं.

'वायू जाळला तरी प्रदूषणच ना?' जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरं. पण तसाच सुटलेला मिथेन १०० वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापमानवाढ करतो, २० वर्षांच्या हिशेबात ८० पट. त्यामुळे वीज परवडत नसेल तिथेही तो गोळा करून नुसता जाळून टाकणं योग्यच.

'डंपिंग बंद झालं, आता धोका नाही,' हा समज तर जिवावर बेतू शकतो. इंग्लंडमधल्या लॉस्को गावात मार्च १९८६ मध्ये हवेचा दाब झपाट्याने उतरला. त्यामुळे शेजारच्या बंद कचराभूमीतला वायू जमिनीखालून एका बंगल्यात शिरला आणि स्फोटात घर जमीनदोस्त झालं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'डोंगर मोठा, म्हणजे वीज भरपूर' या हिशेबात. आपल्या शहरांच्या कचऱ्यात ओल्याचा वाटा मोठा. तो लवकर कुजतो आणि ढीग मातीने झाकेपर्यंत बराच मिथेन उडून गेलेला असतो. उघड्या ढिगातून वायू ओढायला जावं तर बाहेरची हवा आत शिरते. मिथेन पातळ होतो, वर आग लागण्याची भीती. शांपू, क्रीम यांतली सिलोक्सेन नावाची रसायनंही वायूबरोबर येतात आणि जळल्यावर इंजिनात वाळूसारखा कठीण थर धरतात. कचरा येणं थांबलं की वायूही वर्षागणिक घटत जातो.

म्हणून वायू मिळावा यासाठी ओला कचरा डोंगरावर नेत राहणं मला साफ चुकीचं वाटतं. तोच वेगळा करून बायोगॅसच्या बंद टाकीत कुजवला, तर मिथेन जवळजवळ पूर्ण हाती येतो आणि उरलेल्याचं खत होतं. वायू ओढायचे पाइप पुरायचे ते जुन्या ढिगांत, जिथला कचरा आता परत वेगळा करता येणार नाही.