माथेरानात फरशी उखडण्याचे काम : दर फुटाचा की वजनाचा?

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली, ती आदमजी पीरभॉय घराण्याच्या पैशाने व हिमतीने. म्हणजे डोंगरावर माल चढविण्या-उतरविण्याचा हिशेब आपल्या लोकांना नवा नाही. तरी आपले फरशीवाले कारागीर माथेरानचे काम घेताना दर मात्र मुंब्रा-भिवंडीचाच सांगतात आणि मजुरी गमावून परत येतात.

माथेरानात मोटारीला बंदी आहे. टेम्पो दस्तुरी नाक्यापर्यंतच येतो. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे घोडा किंवा हातगाडी. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, पण तो प्रवाशांसाठी होता, मलब्यासाठी नव्हे. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. मलबा रात्री दरीत लोटून मोकळे होऊ, असे कोणी मनात आणू नये. दंडाचे राहू द्या, खालच्या वाडीतली माणसे त्याच दरीच्या पायथ्याशी राहतात.

आता हिशेब पाहा. शंभर चौरस फुटांची खोली, मोझेक लादी आणि खालचा मसाला मिळून जाडी ३ इंच. झाले २५ घनफूट. घनफुटाला साधारण ६० किलो धरले तरी दीड टन. पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा आहे. म्हणजे ३५ किलोच्या दोन गोण्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एका खोलीला २२ खेपा! फोडण्याचे काम दोन माणसे दिवसभरात उरकतील, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. शिवाय मलबा पावसात भिजला की वजन वाढते, म्हणून गोण्या ताडपत्रीखाली ठेवाव्या.

म्हणून दर दोन सांगावे. फोडण्याचा फुटाप्रमाणे आणि उतरविण्याचा खेपेप्रमाणे. दस्तुरीपासून नेरळपर्यंतचा टेम्पो कोणाच्या माथी, मजुरांची राहण्या-जेवणाची सोय कोण करणार, हेही आधीच कागदावर घ्यावे. आम्ही कापडवाले गजाने विकतो, पण ट्रान्सपोर्टला वजनच देतो. तोच प्रकार येथे आहे.

वजन कमी करण्याचा उपाय कारागिराच्या हातात असतो. शहाबादी फरशी जुन्या चुन्यावर बसविलेली असेल तर ब्रेकर लावू नये. उंबरठ्याकडची एक फरशी फोडून जागा करावी, मग चपटी छिन्नी व पहार आडवी घालून बाकीच्या अख्ख्या उचलाव्या. ठोकून पोकळ आवाज येतो तेथून सुरुवात सोपी जाते. अख्खी फरशी त्याच मालकाच्या मोरीत, अंगणात लागते. सिमेंटच्या मसाल्यावरील लादी अशी निघत नाही, ती फोडावीच लागते. तिचा स्वच्छ तुकडा-चुरा नव्या फरशीखाली भराव म्हणून त्याच जागी घालता येतो का, हे मालकाच्या इंजिनियरला विचारावे. जेवढा मलबा जागेवर जिरेल तेवढ्या खेपा वाचल्या.

जुन्या बंगल्याचा वरचा मजला लाकडी तुळयांवर असेल तर ब्रेकर चालविण्याआधी शंभर वेळा विचार करावा. मलब्याचा ढीग खोलीच्या मध्यभागी कधीही करू नये, रोज खाली उतरवावा.

आणखी एक. ही धूळ साधी माती नव्हे. सिमेंट-वाळूच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन सिलिकोसिस होतो, आणि गेलेले फुफ्फुस परत येत नाही. पोरे तोंडाला रुमाल बांधतात. मी कापडाचा व्यापारी म्हणून सांगतो, मांजरपाट चार पदरी बांधा, तरी ही बारीक धूळ अडणार नाही. पाणी शिंपडत फोडावे, ग्राइंडर कोरडा चालवू नये आणि धुळीसाठीचा खास मास्क घ्यावा. त्याची किंमतही दरात धरावी. फरशी निघाल्यावर खालची ओल वर येते, तेव्हा नवी लादी लगेच बसवून देण्याचा वायदा पावसाळ्यात करू नये.