रविवारचे मास्तर
पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी अहिल्यानगरकडची मराठी कॅथलिक कुटुंबंही ओढून आणली. रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आगेमागे त्यांच्या मुलांना धर्मशिक्षण देणारे बहुधा फादर नसतात. आठवडाभर नोकरी-संसार सांभाळणारी साधी माणसं असतात. प्रार्थना, दहा आज्ञा, येशूचे दाखले. मग प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी.

ही परंपरा जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात जेझुइट संघाच्या फादरांचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. एका फादरांकडे अनेक गावं, त्यामुळे गावात राहून प्रार्थना शिकवायचा तो धर्मशिक्षक, म्हणजे मास्तरच. फादरांची नावं इतिहासात राहिली, मास्तरांची फारशी नाहीत. हे बोचतं.

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अशा धर्मशिक्षकाला चर्चमधलं अधिकृत सेवापद दिलं. ते स्वीकारणारा मात्र प्रापंचिकच राहतो.